संघ नेमका कोणाचा?

महिंद्रा युनायटेड ह्या मुंबईच्या फुटबॉल संघाचा इतिहास यशाचा आहे. तरीही तो आठवताना मन अस्वस्थ होते. एका मोटार-उद्योगाच्या आश्रयाने १९६२ साली हा संघ उभा राहिला. डेरिक परेरा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ च्या हंगामात त्याने फेडरेशन करंडक व राष्ट्रीय लीग अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. राष्ट्रीय लीगचा मान मुंबईला प्रथमच मिळाला. पुढे अवघ्या चार वर्षांनी, २०१० साली, कंपनीने संघ बरखास्त केला.

शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचा कंपनीचा हेतू निंद्य नव्हता. दोष होता तो रचनेत. कूपरेजवर घसा कोरडा करणाऱ्या प्रेक्षकाला त्या निर्णयात स्थान नव्हते. ह्याउलट कोलकात्याचा मोहन बागान १८८९ पासून सभासदांच्या बळावर वाढला. तेथे संघावरील निष्ठा बापाकडून मुलाकडे वारशाने येते. २०२० साली नव्या भागीदारीतून नावाआधी ‘एटीके’ ही अक्षरे आली, तेव्हा समर्थकांनी रान उठविले आणि २०२३ साली ती गेली. त्यांच्या जागी ‘सुपर जायंट’ हे मालकांच्याच पसंतीचे बिरुद नावामागे लागले, हे खरे. परंतु समर्थकांचे ऐकावे लागले, हेही तितकेच खरे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून दादरला गाडी बदलून अंधेरीचे मैदान गाठणाऱ्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे. २०१४ साली स्थापन झालेल्या मुंबई सिटीवर त्यांनी जरूर जीव लावावा. मात्र संघाच्या कारभारात आपला शब्द कोठे आहे, हेही विचारावे.