उताऱ्यावरची तारीख : पायथनच्या एका मॉड्यूलची समीक्षा

मराठीत पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, चित्रपटांची तर दर आठवड्याला होते. प्रोग्रॅमची होत नाही. प्रोग्रॅम चालवायचा असतो, वाचायचा नसतो, अशी आपली समजूत आहे. पण प्रोग्रॅम हाही कुणीतरी लिहिलेला मजकूर असतो. त्यात लिहिणाऱ्याची गृहीतके असतात, काही गोष्टी त्याने सांगितलेल्या असतात आणि काही गाळलेल्या असतात. त्या गाळलेल्या गोष्टींचा हिशेब वापरणाऱ्याला चुकवावा लागतो, आणि बहुतेकदा त्याला ते कळतही नाही. म्हणून या लेखात मी एका अगदी लहान मॉड्यूलची समीक्षा करणार आहे. ते पायथन या स्क्रिप्टिंग भाषेतले आहे आणि त्याचे नाव झोनइन्फो.

माझा या मॉड्यूलशी संबंध कामामुळे आला. कोल्हापूर परिसरातल्या जुन्या कागदांतील तारखा आणि वेळा मी जुळवतो. त्यात जन्मटिपणे, तारा, रोजनिशा असे सगळे येते. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पायथन मी पुस्तकांतून आणि तिचा स्वतःचा खुला कोड वाचून शिकलो. त्यामुळे पुढचे विवेचन अभियंत्याचे नाही, वाचकाचे आहे.

आधी विषयाची ओळख. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला एखादी कॉन्फिगरेशन फाइल लागते. भाषा कोणती, कागदाचा आकार कोणता, घड्याळ कुठल्या गावचे, अशा गोष्टी प्रोग्रॅममध्ये कायमच्या कोरून ठेवण्याऐवजी बाहेर एका फाइलीत लिहिलेल्या असतात. प्रोग्रॅम ती फाइल वाचतो. पण प्रत्येक वेळी डिस्कवर जाऊन वाचणे खर्चिक असते, म्हणून एकदा वाचलेले तो स्मरणात हाताशी ठेवतो. याला कॅशिंग म्हणतात. हे सात-बारा उताऱ्यासारखे आहे. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते, आपल्या कपाटात तिचा उतारा. रोजच्या कामाला उतारा पुरतो. पण बँकेत गेलो की पहिला प्रश्न येतो, ‘उतारा कधीचा?’ तारीख नसलेल्या उताऱ्याला किंमत नाही.

पायथनमध्येच या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे सापडतात. भाषेचे स्वतःचे कोड आयात करण्याचे काम घ्या. एकदा वाचलेल्या कोडचे रूपांतर ती वेगळ्या फाइलीत साठवते आणि त्यासोबत मूळ फाइल शेवटची कधी बदलली याची वेळ आणि तिचा आकार नोंदवते. पुढच्या वेळी दोन्ही ताडून पाहते आणि जुळले तरच साठवलेले वापरते. ३.७ या आवृत्तीपासून वेळेऐवजी मजकुराचा ठसा ताडण्याचीही सोय आली. म्हणजे इथे उताऱ्यावर तारीख आहे.

साध्या सेटिंग्जच्या फाइली वाचणारे कॉन्फिगपार्सर हे मॉड्यूल दुसऱ्या टोकाला आहे. त्याला फाइल वाचायला सांगितली आणि ती फाइल जागेवर नसली, तर ते तक्रार करत नाही. वाचता आलेल्या फाइलींची यादी तेवढी परत देते. ती यादी तपासायची जबाबदारी तुमची. फाइल नंतर बदलली तर पुन्हा वाचण्याची जबाबदारीही तुमचीच. निवडक फाइली असतील तर वाचायच्या, नसतील तर सोडून द्यायच्या, यासाठी ही सोय ठीक आहे. पण नवख्याला ती फसवते, कारण न वाचलेली फाइल आणि रिकामी फाइल त्याला सारखीच दिसते.

झोनइन्फो या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसते. पॉल गॅन्सल यांनी मांडलेल्या ६१५ क्रमांकाच्या प्रस्तावातून ते जन्मले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पायथन ३.९ सोबत आले. काम एकच : ‘एशिया/कोलकाता’ असे नाव दिले की संगणकावरच्या टाइमझोन फाइलींतून त्या नावाची फाइल शोधायची, वाचायची आणि त्या विभागाचे घड्याळ कधी किती पुढे-मागे होते हे सांगायचे. संगणकावर फाइल नसेल तर ते टीझेडडेटा नावाच्या पूरक संचात पाहते. तिथेही नसेल तर स्पष्ट त्रुटी देते, गप्प बसत नाही. हा त्याचा पहिला गुण.

दुसरा गुण त्याच्या कॅशमध्ये आहे. एकच नाव दोनदा मागितले तर झोनइन्फो फाइल दोनदा वाचत नाही. तेच ऑब्जेक्ट परत देते. अलीकडे वापरलेली आठ नावे ते धरूनच ठेवते. बाकीची, प्रोग्रॅममध्ये कुणीतरी वापरत असेल तोवर टिकतात. वरवर पाहता ही वेगासाठी केलेली तजवीज वाटते. प्रत्यक्षात तिच्यावर गणिताचे उत्तर अवलंबून असते.

पायथनमध्ये दोन वेळांची वजाबाकी करण्याचा नियम असा आहे : दोन्ही वेळांना जोडलेले टाइमझोनचे ऑब्जेक्ट एकच असेल, तर घड्याळावरचे आकडे सरळ वजा होतात. ऑब्जेक्ट वेगळी असतील, तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत नेल्या जातात आणि मग वजाबाकी होते. आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. ती १५ ऑक्टोबर १९४५ ला पूर्ववत झाली. १४ ऑक्टोबरच्या दुपारी बारापासून १५ ऑक्टोबरच्या दुपारी बारापर्यंत किती तास गेले? दोन्ही वेळांना ‘एशिया/कोलकाता’ लावले तर उत्तर येते २४. एका वेळेला ‘एशिया/कोलकाता’ आणि दुसरीला त्याच शहराचे जुने नाव ‘एशिया/कलकत्ता’ लावले तर उत्तर येते २५. दोन्ही नावांमागची माहिती शब्दशः एकच आहे, पण कॅश नावानिशी चालते, त्यामुळे दोन नावांची दोन ऑब्जेक्ट होतात. प्रत्यक्ष गेलेला काळ २५ तासांचाच होता.

हा एक तास कुठल्या फाइलीत चुकीचा लिहिलेला नाही. तो कॅशमधून आला. लेखकाला हे ठाऊक होते. एका नावाला एकच ऑब्जेक्ट मिळेल ही हमी त्याने याच कारणासाठी दिली, आणि कॅश मध्येच रिकामी केली तर उत्तरे बदलू शकतात असा इशाराही दस्तऐवजात दिला आहे. आपल्या स्मरणाचा परिणाम अर्थावर होतो हे उघड सांगणारे मॉड्यूल विरळा. याबद्दल झोनइन्फोला पूर्ण गुण दिले पाहिजेत.

तक्रार पुढे सुरू होते. मूळ फाइल बदलली तर काय? मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ पुढे ढकलण्याचा निर्णय घड्याळे बदलायच्या अवघे दोन-तीन दिवस आधी जाहीर केला. काही संस्थांनी तो मानला, काहींनी धुडकावला आणि एकाच देशात दोन वेळा चालू झाल्या. काही दिवसांत सरकारने निर्णय मागे घेतला. जगभरच्या टाइमझोन माहितीची देखभाल करणाऱ्यांनी निर्णयानुसार २०२३बी ही आवृत्ती काढली आणि पाच दिवसांनी तो बदल मागे घेणारी २०२३सी काढली. या काळात सतत चालू असलेल्या आणि मधल्या आवृत्तीची फाइल वाचून ठेवलेल्या प्रोग्रॅमला पुढचा बदल आपोआप कळण्याची सोय झोनइन्फोमध्ये नाही. फाइलीची वेळ ते ताडून पाहत नाही. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा, किंवा कॅश जाणीवपूर्वक रिकामी करायची.

याचा बचाव करता येतो. मध्येच फाइल बदलून घेतली तर चालू हिशेबाच्या अर्ध्यात नियम बदलतील, आणि वरचा २४-२५ चा घोळ आणखी वाढेल. हा बचाव मला पटतो. पटत नाही ते वेगळेच : झोनइन्फोच्या ऑब्जेक्टला ‘तू कुठल्या आवृत्तीतून वाचला गेलास?’ असे विचारण्याची सोय नाही. नाव सांगेल, आवृत्ती सांगणार नाही. जुना उतारा वापरणे एक वेळ चालेल, पण तारीखच नसलेला उतारा चालणार नाही. संशोधनात आपण आवृत्ती न सांगता पुस्तकाचा दाखला देत नाही. इथे प्रत्येक उत्तर बिनआवृत्तीचा दाखला आहे.

हे झाले स्मरणाबद्दल. आता वाचनाबद्दल. ‘एशिया/कोलकाता’ या फाइलीत आहे तरी काय? पहिली ओळ कोलकात्याच्या स्थानिक वेळेची, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. मग हावड्याची वेळ. १८७० पासून मद्रास वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ. त्यानंतर युद्धकाळातले एक तासाचे फेरबदल. झोनइन्फोच्या आधी सर्रास वापरले जाणारे पायटीझेड हे मॉड्यूल चुकीच्या पद्धतीने वापरले की याच पहिल्या ओळीवर अडकत असे, आणि भारतीय प्रोग्रॅमरांच्या नोंदी २३ मिनिटांनी सरकत. ‘हे पाच त्रेपन्न आले कुठून?’ हा प्रश्न आपल्याकडच्या कितीतरी जणांना पडला. उत्तर होते, एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याहून.

आता कोल्हापूरचा प्रश्न घ्या. शाहू महाराजांचा राज्याभिषेक २ एप्रिल १८९४ ला झाला. त्या दिवशीची सकाळी दहाची वेळ मॉड्यूलला दिली, तर ते ती निःशंकपणे मद्रास वेळ धरते. कोल्हापूर साधारण ७४ अंश १४ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर इथली स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे सुमारे ४ तास ५७ मिनिटे येते. मद्रास वेळेशी फरक २४ मिनिटांचा, आजच्या प्रमाणवेळेशी ३३ मिनिटांचा. भारतातल्या रेल्वे त्या काळी मद्रास वेळेने धावत आणि कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली. म्हणजे गाडीच्या वेळापत्रकातली वेळ आणि सूर्य पाहून लावलेल्या घड्याळातली वेळ यांत २४ मिनिटांचे अंतर पडते. कागदावर ‘दहा वाजता’ असे लिहिले असेल तर ते कुठले दहा, हे कागद पाहून ठरवायचे असते, फाइल पाहून नाही.

मुंबईचे प्रकरण तर याहून बोलके आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांनी विरोध केला. महानगरपालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवली, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. हा दुहेरी कारभार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. बैरुतमध्ये जे काही दिवस चालले ते मुंबईत जवळपास अर्धे शतक चालले.

याची कल्पना फाइल लिहिणाऱ्यांना नव्हती असे नाही. टाइमझोनच्या मूळ मजकूर-फाइलीत भारताच्या ओळींवर टिपणे आहेत. त्यांत या गिरणी कामगारांचा उल्लेख आहे, आणि भारतातल्या जुन्या वेळांचा पक्का माग लावणे किती अवघड आहे याचाही. १९७० पूर्वीच्या माहितीवर विसंबू नका, हेही त्या प्रकल्पाने सांगून ठेवले आहे. पण संगणकावर येते ती मूळ मजकूर-फाइल नव्हे, तिचे यंत्रासाठी केलेले संक्षिप्त रूप. त्या रूपांतरात आकडे राहतात आणि टिपणे गळतात. झोनइन्फो हे रूप वाचते. त्यामुळे जिथे मूळ लेखक साशंक होता, तिथे मॉड्यूल ठाम बोलते, तेही सेकंदापर्यंत. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच. ती खोटे सांगत नाही, पण शंका पुसून टाकते.

याने कुणाचे काय बिघडते? १९४३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाच्या टिपणावर ‘सकाळी आठ’ आहे असे समजा. मॉड्यूल ती युद्धकालीन वेळ धरते, ग्रिनिचच्या पुढे साडेसहा तास. जुन्या पद्धतीचे ज्योतिषी आधी विचारत, ‘ही वेळ स्थानिक, स्टँडर्ड की युद्धाची?’ त्या एका प्रश्नात कोल्हापूरपुरता दीड तासाहून अधिक फरक दडलेला असे. पत्रिकेवर कुणाचा विश्वास असो वा नसो, प्रश्न बरोबर होता. संगणकावरची कुंडली तो न विचारताच छापून येऊ शकते. हाच धोका तारांच्या वेळांना, पोलिसांच्या जुन्या नोंदींना, रोजनिशीतल्या ‘चारच्या गाडी’ला आहे. अभिलेखांचे संगणकीकरण करताना एकदा चुकीचा टाइमझोन चिकटला की पुढचा अभ्यासक यंत्राचा आकडा मूळ मानून चालतो.

म्हणून माझा निष्कर्ष दुपदरी आहे. आजच्या व्यवहारासाठी, म्हणजे १९७० नंतरच्या भारतीय वेळांसाठी, झोनइन्फो हे विश्वासार्ह आणि नेटके मॉड्यूल आहे. त्याची कॅश विचारपूर्वक बांधलेली आहे आणि तिच्या अटी लेखकाने लपवलेल्या नाहीत. जुन्या कागदांसाठी मात्र ते एकटे पुरत नाही. मी तीन गोष्टी पाळतो. कागदावरची वेळ जशी लिहिली आहे तशी अक्षरात ठेवतो. ती कुठल्या घड्याळाची मानली, आणि का, हे शेजारच्या रकान्यात लिहितो. ज्या आवृत्तीच्या टाइमझोन फाइलीने हिशेब केला, ती आवृत्ती आणि हिशेबाची तारीख खाली टाकतो. टीझेडडेटा संच आपली आवृत्ती सांगतो, त्यामुळे एवढे करायला दोन ओळींचा कोड पुरतो.

मॉड्यूलच्या पुढच्या आवृत्त्यांत हा आवृत्ती-क्रमांक ऑब्जेक्टसोबतच मिळाला, तर माझी निम्मी तक्रार मिटेल. उरलेली निम्मी पायथनशी नाही, आपल्याशी आहे. कोल्हापूर, मिरज, सांगली, सातारा इथल्या कचेऱ्या, शाळा आणि टपाल कोणत्या साली कोणत्या घड्याळाने चालत, याची सनवार यादी त्या-त्या गावच्या कागदांतून काढावी लागेल. ती झाली की तिची फाइल करणे एका संध्याकाळचे काम आहे.