विज्ञानकथेतील हरवलेला देह

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पारितोषिक मिळाले. आणि हे जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर, हे मागाहून कळले. कृष्णविवरापाशी काळ मंदावतो, या शास्त्रीय सत्यावर ती कथा उभी आहे. नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला दिलेली प्रतिष्ठा कोणी नाकारणार नाही. परंतु त्यांच्या मागून आलेल्या ज्या कथा माझ्या वाचनात आल्या, त्यांत काळ आहे, गणित आहे, परग्रहावरचे पाहुणे आहेत. नाही तो माणसाचा देह.

यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या शाळेत मी अशीच एक कथा वाचून दाखविली. नायक मंगळावर जाऊन सुखरूप परतला. तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, चैताच्या उन्हात पऱ्हाट्या उपटल्या तं आंग भाजते. मंग त्याले काहीच कसं नाई झालं?”

कथेपाशी उत्तर नव्हते, शास्त्रापाशी आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि हवेचे आवरण विश्वकिरणांना बरेचसे अडवून धरतात. या छत्राबाहेर सूर्याकडून व फुटलेल्या ताऱ्यांकडून येणारे वेगवान कण पेशीत शिरून डीएनएचे धागे तोडतात. पेशी ते सांधते. पण एखादा सांधा चुकला, तर पुढे कित्येक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाताना ‘क्युरिऑसिटी’ यानात दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट मात्रा मोजली गेली. पृथ्वीवर निसर्गतः वर्षाला सरासरी २.४ मिळते. म्हणजे आपल्या वर्षाचा वाटा तेथे दीड दिवसाच्या आतच पदरी पडतो! अपोलो यानांतील चांद्रवीरांना मिटल्या डोळ्यांपुढे ठिणग्या दिसत. विश्वकिरण त्यांच्या डोळ्यांतून पार जात होते. कादंबरीकाराला याहून मोठा प्रसंग कोणता हवा?

हा विषय आपल्याला परकाही नाही. किरणोत्साराने पालटलेल्या उडदाच्या वाणाशी संकर करून तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी १९८५ मध्ये ‘टीएयू-१’ हे वाण महाराष्ट्राला दिले. आज आपल्या फराळाच्या चकलीत त्या वंशाचा उडीद असणे अशक्य नाही. पण बियाण्याचे शास्त्र निवडीचे आहे. हजारो बियांवर किरण सोडावयाचे, बिघडलेली रोपे टाकून द्यावयाची आणि एखादे गुणी रोप राखावयाचे. माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. अंतराळात जातो तो घरचा एकुलता एक जीव असतो. त्यातून निवडणार काय?

विज्ञानकथा साहित्य म्हणून उभी राहावयाची, ती याच प्रश्नापाशी. आमच्या लेखकांनी यान खुशाल आकाशात सोडावे. मात्र आत बसलेल्याच्या हाडामांसाला विसरू नये. चौथ्या इयत्तेतल्या मुलीला जे सुचते, ते आपल्याला सुचू नये काय?