कारागृहातील पितृत्व : एका पत्रसंग्रहाचा विचार

पंडित जवाहरलाल नेहरूंचा ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’ (१९३४) आपल्याकडे इतिहास म्हणूनच वाचला जातो. वस्तुतः तो एका बंदिवान पित्याचा एकतर्फी संवाद होय. आरंभीचे पत्र २६ ऑक्टोबर १९३० रोजी नैनी तुरुंगातून, कन्येच्या तेराव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेले आहे. अखेरचे ऑगस्ट १९३३ मधील. कित्येक पत्रे तर लिहून त्यांच्याजवळच पडून राहिली. तिकडे कन्या १९३१ पासून पुण्यास शाळेत होती.

१ जानेवारी १९३१ रोजी कमलाबाईंना अटक झाली. ती वार्ता कळल्यावर त्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात अभिमान आधी येतो. मुलगी एकटी पडली असेल, ही जाणीव मागून. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. त्यास निष्ठुरता म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आजारात उशाशी बसणे, रागे भरणे, हट्ट पुरविणे हे सारे ज्याला अशक्य झाले, त्या बापाजवळ शिकविणे एवढेच उरते. पुढे पुढे विवेचन प्रौढ होत जाते आणि कन्या बहुधा पत्राच्या प्रारंभी वा शेवटी तेवढी डोकावते. टीकाकारांनी हा रचनेचा दोष मानला तरी चालेल. आमच्या मते ती दीर्घ वियोगाची खूण आहे.

कन्येची उत्तरे या ग्रंथात नाहीत. उभयतांचा १९२२ ते १९३९ मधील पत्रव्यवहार इंग्रजीत १९८९ साली प्रसिद्ध झाला. तो शेजारी ठेवल्याविना या ग्रंथातील पित्याविषयी निर्णायक विधान करणे धाडसाचे ठरेल.