एरोबिक क्षमता आणि अनुकंपी चेतासंस्था : एका गृहीतकाची तपासणी

नियमित धावण्याचा सराव असलेल्या प्रौढाची विश्रांतीतील नाडी मंद असते. त्यावरून त्याच्या अनुकंपी चेतासंस्थेची क्रियाशीलताही घटली असली पाहिजे, असा निष्कर्ष शारीरिक शिक्षणविषयक लेखनात सहज काढला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निष्कर्ष पुराव्यापेक्षा सोयीवर अधिक उभा आहे.

अडचण मोजमापापासूनच सुरू होते. हृदयगतीतील चढउतारांचे विश्लेषण करताना 0.04 ते 0.15 हर्ट्झ आणि 0.15 ते 0.4 हर्ट्झ या दोन पट्ट्यांतील शक्तीचे गुणोत्तर हाच अनुकंपी वर्चस्वाचा निर्देशांक मानण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक 1996 साली युरोप व उत्तर अमेरिकेतील दोन तज्ज्ञ-संस्थांच्या संयुक्त कृतिगटाने मानके ठरविली, तेव्हाच पहिल्या पट्ट्याचा अर्थ वादग्रस्त असल्याचे नमूद केले होते. मिनिटाला 6 संथ श्वास घेतल्यास श्वसनजन्य लहरी 0.1 हर्ट्झवर, म्हणजे नेमक्या या ‘अनुकंपी’ पट्ट्यात येतात. शांतपणे प्राणायाम करणारा मनुष्य या हिशेबाने तणावग्रस्त ठरतो! असे असूनही श्वसनदराची नोंद न करताच हे गुणोत्तर कोष्टकात मांडले जाते.

स्वीडनमधील उप्साला येथे हागबार्थ व वाल्बो यांनी 1960 च्या दशकात विकसित केलेली पद्धत अधिक थेट आहे. गुडघ्याखालील पेरोनियल चेतेत टंगस्टनची सूक्ष्म सुई घालून स्नायूंतील रक्तवाहिन्यांकडे जाणारे अनुकंपी संकेत तीत नोंदविले जातात. या नोंदींत वयानुसार होणारी वाढ स्पष्ट दिसते. निरोगी प्रशिक्षित व अप्रशिक्षित प्रौढांत मात्र विश्रांतीच्या वेळी सातत्याने फरक आढळत नाही. मग नाडी मंद का? व्हेगस चेतेचा प्रभाव हे रूढ उत्तर आहे. त्याला 2014 साली उंदरांवरील संशोधनाने पुस्ती जोडली : व्यायामाने हृदयातील गतिजनक पेशींचे आयनमार्गच बदलतात.

व्यायाम या चेतासंस्थेबाबत निष्प्रभ आहे, असा याचा अर्थ नव्हे. ब्राझीलमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत हृदय-अकार्यक्षमतेच्या रुग्णांचे अनुकंपी संकेत 4 महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर लक्षणीयरीत्या घटले. तेथे मूळ पातळीच अतिरिक्त वाढलेली होती, हे महत्त्वाचे. रुग्णांवरील हा परिणाम निरोगी प्राध्यापक-विद्यार्थ्यांवर जसाचा तसा लादता येत नाही.

अर्थात सुईची पद्धतही सर्वसाक्षी नाही. ती पायाच्या स्नायूंविषयी बोलते. हृदयाकडे वा मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या तंतूंविषयी तिच्यावरून परस्पर विधान करणे धाडसाचेच ठरेल.