काळं वर्तुळ

मंडळी, स्टीलचा डाव घ्या, इथं शिरवण्यात घरोघरी असेल. खोलगट बाजूत चेहरा उलटा दिसतो. मुंबईत 1954 साली जन्मलेल्या अनिश कपूरच्या अंतर्वक्र आरशांचं गणित तेच. फक्त आरसा मोठा, म्हणून अगदी जवळ गेलं की आपण सुलटे होतो. गंमत आहे, लोक फोटो काढून निघतात.

त्याचंच 1992चं ‘डिसेंट इन्टू लिम्बो’ आम्हाला थोर वाटतं. जमिनीत एक काळं वर्तुळ. रंगवलंय की खड्डा आहे? आतल्या गडद रंगामुळे प्रकाश परतत नाही, तळ दिसत नाही. डोळा हरतो, पाय थबकतो. शिल्प घडतं ते तिथं. 2018 साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्या अडीच मीटर खड्ड्यात पडला. हा शिल्पाचा विजय मानायला आम्ही तयार नाही. पडल्यावर शंका कसली उरते?