आयनेटडी : एका पहारेकऱ्याचे गुणदोष

सर्व्हर म्हणजे मोठा, शक्तिमान संगणक, असे उत्तर वर्गात हमखास मिळते. ते अपुरे आहे. सर्व्हर ही मुळात एक आज्ञावली. मागणी येईपर्यंत थांबायचे आणि आली की ती पुरवायची, हे तिचे काम. एका संगणकावर अशा अनेक आज्ञावली असतात. मग बाहेरून आलेली मागणी नेमकी कोणासाठी, हे कसे ठरते? १९८६ साली ४.३ बीएसडी या युनिक्स प्रणालीबरोबर आलेल्या 'आयनेटडी'ने दिलेले उत्तर आजही तपासण्यासारखे आहे.

त्यापूर्वी प्रत्येक सेवेची आज्ञावली सतत जागी राहून संगणकाची स्मृती अडवून बसे, मग दिवसभरात तिच्याकडे कोणी फिरको न फिरको. आयनेटडीने सगळ्या दारांवर एकच पहारेकरी नेमला. दार म्हणजे पोर्ट क्रमांक : फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी २१, टेलनेटसाठी २३. क्रमांक पाहून तो त्या सेवेची आज्ञावली जागी करतो. मागणीचा मजकूर तो वाचतही नाही, आणि माझ्या मते हेच या रचनेचे मर्म. नवी सेवा जोडायला एका फाइलीत एक ओळ वाढवली की पुरे.

त्या ओळीतला एक शब्द विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा : 'नोवेट' किंवा 'वेट'. टीसीपीमध्ये आधी दोन टोकांत जोडणी होते, दूरध्वनीसारखी. ती जोडणी नव्या आज्ञावलीच्या हाती देऊन पहारेकरी पुढच्या मागणीसाठी मोकळा, हे 'नोवेट'. यूडीपीत जोडणी नसतेच, पोस्टकार्डांसारखे सुटे संदेश येतात. तेव्हा अख्खे दारच त्या आज्ञावलीकडे सोपवून तिचे काम संपेपर्यंत बहुधा थांबावे लागते; हे 'वेट'.

आता दोष. दर मागणीला नवी आज्ञावली उभी करणे महाग पडते. दिवसाला चार मागण्या असतील तेथे ते खपले. वेबच्या पानावरील प्रत्येक चित्राची वेगळी मागणी येऊ लागल्यावर खपेना. अपाची हा वेब सर्व्हर आयनेटडीमार्फत चालवण्याची सोय होती, ती २००२ च्या २.० आवृत्तीत उरली नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर. मजकूर न वाचणारा हा पहारेकरी पाठवणाऱ्याचीही चौकशी करत नसे. चाचणीच्या दोन सेवा त्यात अंगभूत होत्या : ७ क्रमांकावर 'एको', आलेले जसेच्या तसे परत करणारी, १९ वर 'चार्जेन', काहीही आले की अक्षरांची माळ पाठवणारी. यूडीपीच्या संदेशावर पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता घालता येतो. चार्जेनचे उत्तर एकोकडे जाईल असा पत्ता घातला, की दोघींचे संभाषण थांबतच नाही आणि जाळे तुंबते. १९९६ साली अमेरिकेतील सर्ट या संस्थेने तसा इशारा दिला. चूक संगणक सांभाळणाऱ्यांची, असे कोणी म्हणेल. पण कोणी न मागितलेली दारे अनेक ठिकाणी उघडीच मिळत होती.

लिनक्सवर २०१० साली आलेल्या सिस्टमडीने यातली एक गोष्ट उचलली : दार आधी उघडायचे, सेवा मागाहून जागी करायची. मात्र जागी झालेली सेवा बहुधा पुढच्या मागण्याही स्वतःच घेते. म्हणजे प्रामुख्याने यूडीपीसाठी वापरली जाणारी 'वेट'ची पद्धत तेथे टीसीपीलाही सर्रास लागू झाली.