साक्ष आणि शोक : मेरी कार यांचे ‘लिट’

आध्यात्मिक शिबिरांतून आपण पुष्कळदा साक्षी ऐकतो. एखादा बंधू उभा राहून सांगतो की, मी व्यसनी होतो, अमुक दिवशी प्रभूने मला स्पर्श केला आणि तेव्हापासून दारूची इच्छाच उरली नाही. सभागृहात स्तुतीचा गजर होतो. अशा साक्षीच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचा आमचा हेतू नाही; प्रभूची कृपा कोणत्या वाटेने यावी हे ठरविणारे आम्ही कोण? परंतु ह्या कथनांत एक उणीव राहते, असे आम्हांस दीर्घकाळ वाटत आले आहे. दारू कशी सुटली हे त्यांत असते. ती कशासाठी लागत होती, हे नसते. ही उणीव भरून काढणारे एक इंग्रजी आत्मकथन वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

मेरी कार ह्या अमेरिकन कवयित्री. ‘द लायर्स क्लब’ (1995) ह्या पुस्तकात त्यांनी आपले बालपण सांगितले, ‘चेरी’ (2000) मध्ये कुमारवय आणि ‘लिट’ (2009) मध्ये स्वतःचे मद्यपान व श्रद्धेकडे झालेला प्रवास. ‘लिट’ ह्या शीर्षकात श्लेष आहे. ह्या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ प्रज्वलित, बोलीभाषेतील दुसरा अर्थ दारूने झिंगलेला, आणि साहित्य ह्या अर्थाच्या शब्दाचे ते लघुरूपही आहे. नशा, शब्द आणि प्रकाश हे तिन्ही धागे लेखिकेने शेवटपर्यंत सोडलेले नाहीत.

टेक्सास राज्यातील एका तेलशुद्धीकरणाच्या गावात त्या वाढल्या. वडील कामगार आणि पिणारे. आई चित्रकार, बुद्धिमान, पण मद्य आणि मनोविकार यांनी पछाडलेली. एका रात्री आईने मुलींची खेळणी व कपडे जाळले आणि हातात सुरी घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली. ह्या उन्मादाचे मूळ पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस उलगडते. आईला पूर्वीच्या विवाहापासून दोन मुले होती आणि ती तिच्यापासून हिरावून नेण्यात आली होती. तो शोक तिने कोणापाशी बोलून दाखविला नाही. न बोललेला शोक घरात वारसा म्हणून उतरतो, आणि ज्या मुलीने आईच्या हातातील पेल्याची धास्ती घेतली, तीच पुढे स्वतः आई झाल्यावर पेला उचलते.

येथे आपल्या ‘एकच प्याला’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. गडकऱ्यांचे हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आले आणि सुधाकर-सिंधूच्या शोकान्तिकेने मराठी मनाला कायमचा चटका लावला. परंतु तेथे दुःखाला वाचा मिळते ती पत्नीच्या रूपाने. मूल अजाणच राहते. पाळण्यातले ते मूल मोठे झाले असते तर त्याने काय सांगितले असते? मेरी कार यांच्या लेखनात ते मूल बोलते, हे त्याचे मोल होय.

श्रद्धेचा भाग लेखिकेने ज्या संयमाने लिहिला आहे, तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. त्या मुळात अश्रद्ध. दारूतून सुटलेल्या सोबत्यांनी सांगितले म्हणून, मनात विश्वास नसताना, त्या सकाळी गुडघे टेकून मदत मागू लागल्या आणि रात्री आभार मानू लागल्या. शरीर आधी वाकले, मन मागाहून. दारू सोडल्यानंतरही आत्मघाताच्या विचाराने त्यांना मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले, हेही त्या लपवीत नाहीत. बधिरता ओसरली की जुना शोक वर येतो, ही गोष्ट घाईच्या साक्षी कधीच सांगत नाहीत. पुढे देव तिथे आहे का ते पाहायचे म्हणून लहानग्या मुलाने चर्चला जाण्याचा हट्ट धरला. आईलेकरांनी अनेक प्रार्थनास्थळे पाहिली आणि 1996 मध्ये लेखिकेने कॅथलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. संत इग्नाती लोयोला यांची आध्यात्मिक साधनाही त्यांनी केली.

आईचे दोष असे जगापुढे मांडणे चौथ्या आज्ञेत बसते काय, असे कोणी विचारील. त्यांनी संत ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’ आठवावे. आपली माता संत मोनिका लहानपणी पिंपातला द्राक्षारस चोरून पीत असे, आणि दासीने ‘दारुडी’ म्हणून हिणविल्यावर तिने ती सवय सोडली, हे ऑगस्टीन यांनी नवव्या खंडात लिहून ठेवले आहे. त्याच खंडात तिच्या मृत्यूनंतर आधी दाबून धरलेले अश्रू अखेर वाहू दिल्याची कबुलीही आहे. सत्य सांगणे आणि मातेचा मान राखणे यांत विरोध नाही.

पुस्तकात दोष नाहीत असे नव्हे. लेखिकेचा विनोद धारदार आहे आणि क्वचित तो जखमेवरून फार लवकर पुढे नेतो. पतीचे चित्रही धूसर राहिले आहे. शिवराळ भाषा काही वाचकांना खटकेल; लहान मुलांच्या हाती देण्याजोगे हे पुस्तक नव्हे.

तरीही त्याने आम्हांस आमच्याच एका अपुरेपणाची जाणीव करून दिली. एका गृहस्थास आम्ही तीन वेळा वेदीसमोर दारू सोडण्याची शपथ घ्यावयास लावली. तिन्ही वेळा ती मोडली. चौथ्यांदा तो आलाच नाही. तो सात वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि ‘पुरुषाने रडू नये’ म्हणून त्याला शवपेटीपासून दूर नेण्यात आले, हे त्याच्या बहिणीने आम्हांस सांगितले ते त्याच्याच अंत्यविधीच्या दिवशी. आम्ही शपथ मागितली; शोक विचारला नाही.

व्यसन हा आजार आहे. त्यास वैद्य हवा, सोबती हवेत आणि प्रार्थनाही हवी. फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा’चे कार्य आरंभिले, तेव्हापासून ही गोष्ट आपल्या दाराशी आहे. ‘लिट’ वाचून आम्ही एवढेच शिकलो : प्रभूने लाजरसाला उठविले खरे, परंतु त्याआधी तो थडग्यापाशी रडला. आपल्या घरातील पिणाऱ्या माणसापाशीही आपण आधी तेथवर जावे.